रात्रसंगीत आणि स्वरपट्ट्या : नॉक्टर्नची परंपरा व झाडीपट्टीतील पेटी

१. विषयाची मांडणी

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीताचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार ‘नॉक्टर्न’ या पियानोवरील लघुरचनेस बहुधा एक स्वतंत्र प्रकरण देतात. महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात मात्र तिला एखादी ओळही मिळालेली नाही. आपल्याकडे पियानो आला तो मुंबईतील युरोपीय, पारशी व ख्रिस्ती कुटुंबांच्या दिवाणखान्यांत आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या संगीतशिक्षणात. तेथून तो विसाव्या शतकात चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरला. मराठी श्रोत्याच्या नित्याच्या ऐकण्यात त्याला स्थान मिळाले नाही. अशा स्थितीत गोंदियासारख्या जिल्ह्याचा नॉक्टर्नशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील.

या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘प्रत्यक्ष संबंध काहीही नाही’ असेच द्यावे लागेल. तथापि इतिहासाच्या अभ्यासात प्रत्यक्ष संबंधाइतकेच समांतर घटनांनाही महत्त्व असते. रात्रीच्या वेळी वाजणारे आणि मानवी गळ्याचे अनुकरण करू पाहणारे पट्ट्यांचे वाद्य ही कल्पना ज्या शतकात सेंट पीटर्सबर्ग व पॅरिस येथे विकसित झाली, त्याच शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून निघालेले दुसरे एक पट्ट्यांचे वाद्य कलकत्ता-मुंबईच्या वाटेने मराठी रंगभूमीवर आले. पुढे ते वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचले आणि तेथे रात्रभर वाजू लागले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा भाताचा मुलूख ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. तेथील रंगभूमीवरील पेटी व ऑर्गन यांचा विचार युरोपीय नॉक्टर्नच्या शेजारी ठेवून केला, तर दोन्ही परंपरांविषयी काही नवे कळते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याबरोबरच वाद्य परके केव्हा असते व आपले केव्हा होते, हा आपल्या संगीतेतिहासातील जुना वादही येथे नव्याने तपासता येईल.

२. नॉक्टर्नचा उगम

‘नॉक्टर्न’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘रात्रीचे’ एवढाच. अठराव्या शतकात इटालियन ‘नोत्तुर्नो’ हे नाव संध्याकाळी अथवा रात्री, पुष्कळदा उघड्यावर, अनेक वादकांनी मिळून वाजवावयाच्या रंजनपर रचनांना दिले जाई. मोत्सार्टने १७७६ मध्ये रचलेली ‘सेरेनाता नोत्तुर्ना’ ही या जातीची. म्हणजे प्रारंभी हे रात्रसंगीत सामुदायिक होते. एकट्या माणसाने एका खोलीत बसून रात्रीशी हितगुज करावे, ही कल्पना नंतरची आहे.

ती कल्पना प्रथम रुजविली जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने. फील्डचा जन्म डब्लिन येथे १७८२ मध्ये झाला. लंडनमध्ये तो क्लेमेंती या संगीतकाराचा शिष्य होता. क्लेमेंती पियानोंचा व्यापारही करीत असे आणि ग्राहकांपुढे वाद्ये वाजवून दाखविण्याचे काम फील्डकडे असे. १८०२ मध्ये गुरुशिष्य युरोपच्या दौऱ्यावर निघून सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. फील्ड तेथेच राहिला आणि १८३७ मध्ये मॉस्को येथे निवर्तला. १८१२ ते १८१४ च्या सुमारास त्याच्या पहिल्या तीन पियानो-नॉक्टर्न रचना प्रसिद्ध झाल्या. डाव्या हाताने स्वरसंगतीचे सुटे स्वर लहरींसारखे फिरवीत राहावे, उजव्या हाताने त्यावर एखाद्या गायिकेप्रमाणे स्वरावली गावी, आणि पायाखालच्या पट्टीने तारांचा नाद धरून ठेवावा, ही त्याची साधी योजना होती. १८५९ मध्ये फ्रान्झ लिस्टने फील्डच्या नॉक्टर्न रचनांची आवृत्ती सिद्ध केली आणि तिला प्रस्तावना लिहिली. ज्या काळी पियानोवादनात सोनाता, रोंदो यांसारखे ठरीव आकार प्रतिष्ठित होते, त्या काळी केवळ भावावस्थेवर उभी राहणारी रचना प्रथम येथे आढळते, हे लिस्टच्या पिढीने ओळखले होते.

फील्डच्या बीजाचा वृक्ष केला तो फ्रेदेरिक शोपँ याने. शोपँच्या (१८१०–१८४९) एकूण २१ नॉक्टर्न रचना आज गणल्या जातात. त्यांपैकी १८ त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या. ‘ओपस ९’ मधील तीन रचना १८३२ मध्ये प्रकाशित झाल्या. त्यांतील दुसरी, ई-फ्लॅट स्वरातील, ही सर्वांत लोकप्रिय रचना फील्डच्या वळणाची असली, तरी तिच्यात मुखडा पुन्हा येतो तेव्हा तो दर वेळी निराळ्या अलंकारांनी सजून येतो. ‘ओपस २७’ मधील डी-फ्लॅट स्वराच्या दुसऱ्या नॉक्टर्नमध्ये उजवा हात दोन गायिकांचे सहगान वाटावे असे जोडस्वर वाजवितो. १८४१ मधील ‘ओपस ४८’ ची सी-मायनर रचना तर दिवाणखान्याच्या मर्यादा ओलांडते. तिचा मध्यभाग प्रार्थनेसारखा आरंभ पावून वादळात शेवटास जातो, आणि मूळ स्वरावली परतते ती अस्वस्थ, धापा टाकीत. शोपँनंतरही हा प्रकार चालू राहिला. गाब्रिएल फोरे या फ्रेंच रचनाकाराने १३ नॉक्टर्न लिहिल्या आणि त्यांतील अखेरची १९२१ मध्ये पूर्ण केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शोपँच्या स्वरावलींचे मूळ पियानोच्या पूर्वपरंपरेपेक्षा रंगभूमीच्या गाण्यात अधिक सापडते. बेल्लिनीप्रभृतींच्या इटालियन संगीतिकांवर त्याची प्रीती होती. पियानो चांगला वाजवावयाचा असेल तर थोर गायकांना ऐका, असा उपदेश तो शिष्यांना करीत असे, ही गोष्ट त्याच्या शिष्यवर्गाच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. तात्पर्य, नॉक्टर्न हे नाट्यगृहातील गाण्याचे स्वरपट्ट्यांवरील पुनरुच्चारण होय. मराठी पेटीचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा येईल.

३. वाद्याची उणीव आणि वादकाची कला

नॉक्टर्नच्या सौंदर्याचे रहस्य पियानोच्या एका उणिवेत आहे. पियानोचा स्वर हातोडीच्या आघाताने निर्माण होतो आणि निर्माण झाल्या क्षणापासून विरू लागतो. गायक एखादा स्वर धरून त्याचा घुमारा वाढवू शकतो. पियानोवादकाला ते अशक्य आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर पियानोच्या स्वराला आस आहे, पण ती प्रतिक्षणी क्षीण होणारी. अशा वाद्याकडून दीर्घ श्वासाचे गाणे गाऊन घ्यावयाचे, हे नॉक्टर्नने पत्करलेले कार्य आहे.

ते साधण्याचे उपाय तीन. पहिला, पायपट्टीचा. ती दाबली म्हणजे तारांवरील दाबपट्ट्या उचलल्या जातात, स्वर मोकळे राहतात आणि त्यांच्याशी मेळ असलेल्या इतर ताराही अनुनादाने बोलू लागतात. स्वरसंगती बदलताच पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. क्षणभर उशीर झाला तर नाद गढूळ होतो, क्षणभर घाई झाली तर तुटतो. दुसरा उपाय स्पर्शाचा. मावळत्या स्वराच्या नेमक्या उंचीला पुढचा स्वर जुळवून घ्यावयाचा, म्हणजे दोहोंमधील सांधा कानाला जाणवत नाही. तिसरा उपाय लयीचा. डाव्या हाताने वाद्यवृंदाच्या नायकाप्रमाणे काल सांभाळावा आणि उजव्या हाताने त्याच्या आगेमागे मोकळेपणाने चालावे, अशी शोपँची शिकवण असल्याचे त्याचे शिष्य सांगत. ठेका अचल राहतो आणि गवई समेच्या आधाराने मोकळा फिरतो, हे ज्याने ऐकले आहे, त्या मराठी रसिकाला ही कल्पना परकी वाटू नये. तथापि दोन्ही गोष्टी एकच, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. शोपँच्या लयीला तालचक्राचे आवर्तन नाही.

नॉक्टर्नच्या वादकांची परंपरा ध्वनिमुद्रणांमुळे आज अभ्यासता येते. राऊल कोचाल्स्की (१८८४–१९४८) हा शोपँचा शिष्य मिकुली याचा शिष्य. त्याच्या वादनात ई-फ्लॅट नॉक्टर्नमधील काही पर्यायी अलंकार ऐकू येतात, जे छापील संहितेत नाहीत आणि गुरुमुखाने चालत आले. ज्याला आपण ‘लिखित संगीत’ म्हणतो त्यातही मौखिक परंपरेचा असा अंश होता, हे आपल्याकडील घराण्यांच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे. आर्थर रूबिनस्टाइनने नॉक्टर्नचे ध्वनिमुद्रण आयुष्यात तीन वेळा केले. पहिले १९३६–३७ मध्ये आणि अखेरचे १९६० नंतरच्या दशकात. पहिल्यात लयीचे स्वातंत्र्य अधिक आहे. शेवटच्यात स्वर शांत, रुंद व निरलंकृत झाला आहे. रूमानियाचा दिनू लिपात्ती अवघ्या ३३ व्या वर्षी, १९५० मध्ये, निधन पावला. त्याने १९४७ मध्ये मुद्रित केलेली डी-फ्लॅट नॉक्टर्न ऐकताना हातोडीचा आघात कोठे झाला हेच उमगत नाही. वाद्याची उणीव पूर्णपणे झाकली गेल्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

नॉक्टर्न ही केवळ सुखवस्तू दिवाणखान्याची करमणूक होती, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून एका घटनेचा उल्लेख पुरे. २३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात वॉर्सा नभोवाणी बंद पडण्यापूर्वी व्लादिस्लाव श्पिलमान या पियानोवादकाने तेथून शोपँचे वादन प्रक्षेपित केले. त्याच्या आठवणींत सी-शार्प मायनर नॉक्टर्नचे नाव येते. एका राष्ट्राच्या रात्रीच्या आरंभी ऐकू आलेली ही रचना शोपँने आपल्या बहिणीसाठी १८३० मध्ये लिहिली होती.

४. पेटीचे मराठी रंगभूमीवरील आगमन

आता दुसऱ्या वाद्याकडे वळू. आलेक्सांद्र दबँ याने पॅरिस येथे १८४२ मध्ये ‘हार्मोनियम’ या नावाने ज्या वाद्याचे एकस्व घेतले, ते पायांनी भाता चालवून वाजवावयाचे वाद्य होते. मिशनरी व व्यापारी यांच्याबरोबर ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत त्याचे आकारमान घटवून, भाता मागील बाजूस घेऊन, जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या चालविता येतील अशी हातपेटी प्रचारात आणली. युरोपात हे वाद्य मागे पडले. येथे ते घरोघरी झाले.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’च्या प्रयोगाने झाला. नाटक रात्री सुरू व्हावे व पहाटेपर्यंत चालावे, हा त्या काळचा परिपाठ होता. अनेक पात्रांना एका ठरलेल्या स्वरात बांधून ठेवणारे आणि मोठ्या जमावाला ऐकू जाणारे वाद्य अशा रंगभूमीला हवे होते. पेटीने ती गरज भागविली. पुढे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या हाती पेटी साथीचे वाद्य न राहता स्वतंत्र वादनाचे वाद्य झाली. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांच्या सहवासातून त्यांनी गायकी उचलली व ती पट्ट्यांवर उतरविली, आणि मग तीच दृष्टी घेऊन १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष व ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ बालगंधर्वांना लाभली. पायांनी भाता चालवावयाचा हा ऑर्गन, म्हणजे आपली ‘पायपेटी’, नाट्यसंगीताचा जणू आधारस्वरच झाला. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांच्यापर्यंत ही परंपरा अखंड चालत आलेली दिसते.

पेटीची उणीव पियानोच्या नेमकी उलट आहे. तिचा स्वर विरत नाही. भात्यात वारा आहे तोवर तो टिकतो, कमीअधिक होतो, गळ्याप्रमाणे श्वास घेतो. परंतु तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकत नाही. मींड व आंदोलन, म्हणजे आपल्या गायनाचा प्राण, त्यातच पेटी असमर्थ आहे. शिवाय तिचे स्वर कारखान्यात कायमचे ठरलेले असतात. रागानुसार गांधार-धैवत किंचित चढविता वा उतरविता येत नाहीत. यावर उपाय म्हणून कृ. ब. देवल व ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बावीस श्रुतींची पेटी करून पाहिली आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती मांडली. वादकांनी मात्र वाद्य बदलण्याऐवजी हात बदलला. जवळचे कणस्वर निसटते लावून मींडेचा आभास करणे, पट्टी पूर्ण न दाबता स्वराची कड मऊ करणे, भात्याच्या दाबाने स्वराला उठाव देणे, आणि गवई श्वास घेतो तेवढ्या अवकाशात त्याचा शेवटचा स्वर सांभाळून धरणे, ही त्यांची साधने होत. नागपुरात १९२९ मध्ये जन्मलेले व भीष्मदेव वेदींचे शिष्य असलेले मनोहर चिमोटे यांनी या दिशेने आयुष्यभर प्रयोग केले, आणि आपल्या सुधारलेल्या वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले. विदर्भातील अभ्यासकांनी हे नाव विसरू नये.

यावरून दोन्ही परंपरांचे साम्य स्पष्ट होते. दोन्हींत स्वरपट्ट्यांचे वाद्य रंगभूमीवरील गायकाकडून गाणे शिकले. दोन्हींत वाद्याला जे करता येत नाही, तेच त्याच्याकडून करवून घेणे ही वादकाची खरी कसोटी ठरली. आणि दोन्हींत पायाचे काम महत्त्वाचे आहे. पियानोवादकाचा पाय नाद धरून ठेवतो; ऑर्गनवादकाचा पाय वाद्याला श्वास देतो.

५. झाडीपट्टीची रात्र

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश नागपूरच्या भोसल्यांकडे, १८५३ नंतर इंग्रजांकडे, १८६१ पासून मध्यप्रांतात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. एकीकडे बालाघाट, दुसरीकडे छत्तीसगड, आणि बोलण्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी यांची सरमिसळ, अशी ही सीमाभूमी आहे. हद्दीपलीकडील खैरागड येथे १९५६ मध्ये संगीत व कलांना वाहिलेले विद्यापीठ स्थापन झाले. परंतु झाडीपट्टीचे संगीत विद्यापीठातून नव्हे, तर दंडार, खडी गंमत, गोंधळ व कीर्तन यांतून आले. झाडीबोली व येथील लोककला यांच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे कार्य मूलभूत मानले जाते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचे वेळापत्रक धानाच्या पिकाने ठरविले आहे. धान कापून खळ्यावर आले, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते. सोयरेधायरे येतात, शंकरपट भरतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक होते. नाटकाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेला संपतो. नाट्यमंडळ्यांचे मोठे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा येथे आहे. अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी, देवरी या गोंदियाच्या दक्षिणेकडील तालुक्यांना ते जवळचे. या रंगभूमीची प्रतिष्ठा उशिरा का होईना मान्य झाली. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

मुंबई-पुण्याची संगीत नाटके १९३२ नंतर बोलपटांच्या आघाताने खचली. स्वतः टेंबे ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत उतरले. नागर रंगभूमीवरील रात्रभराचे नाटक आखडत तीन तासांवर आले व पदे गळाली. झाडीपट्टीत मात्र गाणे, साथ आणि रात्र ही तिन्ही टिकली. याचे कारण केवळ लोकांच्या रसिकतेत शोधणे पुरेसे होणार नाही. कारण अर्थव्यवस्थेतही आहे. शहरी नाटक रोजच्या गल्ल्यावर जगते आणि बोलपटाने तोच गल्ला पळविला. झाडीतील नाटक वर्षातून एकदा हाती येणाऱ्या पिकाच्या पैशावर व गावाच्या आतिथ्यधर्मावर जगते. ते मंडईचे अंग आहे. पाहुण्यांना रात्रभर गावात थांबविण्याचे निमित्त आहे. थंडीच्या रात्री दूरच्या गावाला बैलबंडीने परतण्यापेक्षा पहाटेपर्यंत नाटक पाहणे सोयीचे असे. प्रयोगाची लांबी रात्रीच्या लांबीएवढी असण्यामागे ही व्यावहारिक संगती आहे.

पेटी येथे पोहोचण्यालाही अशीच भौतिक पार्श्वभूमी आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया कलकत्त्याच्या वाटेवर आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जबलपूरकडे जाणारा अरुंद मापाचा फाटा येथून निघाला, आणि पुढे चांद्याकडे जाणारा लोहमार्गही याच स्थानकाला मिळाला. हातपेटी जेथे घडत होती ते कलकत्ता आणि संगीत नाटक जेथे बहरत होते तो पश्चिम महाराष्ट्र यांना जोडणाऱ्या मार्गावरील हे जंक्शन. वाद्य एका दिशेने आणि नाटक दुसऱ्या दिशेने येऊन मिळण्यास याहून अनुकूल जागा क्वचितच असेल.

या रात्रीत पेटी वा ऑर्गन वाजविणाऱ्याचे कार्य नॉक्टर्नच्या वादकाहून फार निराळे आहे. पियानोवादकाच्या हाती एक पूर्ण रचना असते व ती पाच-सहा मिनिटांत संपते. येथील वादकाला अवघी रात्र सांभाळावी लागते. पदाला सूर द्यावयाचा, नटाचा गळा बसला तर ते झाकावयाचे, प्रवेशांच्या मधली रिकामी जागा भरावयाची, करुण प्रसंगी एकच स्वर मंद धरून ठेवावयाचा, आणि पहाटेच्या गारव्यात पेंगणाऱ्या प्रेक्षकाला पुन्हा जागे करावयाचे. त्याचे नाव जाहिरातीच्या फलकावर नायक-नायिकेच्या पंक्तीला येत नाही, त्याच्या वादनाची संहिता नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्याची नोंद नाही. रूबिनस्टाइनच्या तीन वेळच्या वादनांची तुलना आपण घरी बसून करू शकतो. झाडीतील वादकाचे वादन त्या रात्रीबरोबर संपते. तथापि ज्याला अठराव्या शतकातील युरोप ‘नोत्तुर्नो’ म्हणत असे, ते उघड्या आकाशाखालचे सामुदायिक रात्रसंगीत शोपँच्या दिवाणखान्यापेक्षा अर्जुनी-मोरगावच्या मैदानात अधिक शाबूत राहिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

६. आपले व परके

पेटीच्या परकेपणाचा वाद येथे प्रस्तुत होतो. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले. त्याआधी दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फौल्ड्स यांनी १९३८ मध्ये या वाद्यावर कडक टीका केली होती. आनंद कुमारस्वामी व रवींद्रनाथ टागोर यांचाही पेटीला विरोध होता. स्थिर स्वर, मींडेचा अभाव आणि परदेशी जन्म हे तिच्यावरील तीन आरोप. पहिले दोन संगीतशास्त्रीय असून त्यांत तथ्य आहे. तिसरा राष्ट्रीय भावनेचा. बंदी सुमारे तीस वर्षे टिकली आणि १९७१ च्या सुमारास साथीपुरती शिथिल झाली. पेटी परकी म्हणून तिला दूर करा, असे सांगण्यात एक इंग्रज संगीतकार अग्रभागी असावा, हा या प्रकरणातील विरोधाभास सहसा ध्यानात घेतला जात नाही.

या तीस वर्षांत झाडीपट्टीत काय झाले? तेथील मंडळ्यांना नभोवाणीच्या परवानगीची गरज नव्हती. त्यांचा आश्रयदाता खळ्यावरचा शेतकरी होता. एखादे वाद्य देशी की विदेशी, याचा निर्णय दिल्लीत शास्त्राच्या व अस्मितेच्या आधारे घेतला जात असताना, येथे तो उपयोगाच्या व सवयीच्या आधारे केव्हाच होऊन गेला होता. शोपँचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. पियानो हे पोलंडमध्ये जन्मलेले वाद्य नव्हे, नॉक्टर्न एका आयरिश माणसाने रशियात घडविली, तिची स्वरावली इटालियन रंगभूमीची, आणि त्या रचना बहुतांशी लिहिल्या गेल्या पॅरिसमध्ये. तरीही १९३९ च्या वॉर्सात त्यांच्याहून अधिक ‘स्वकीय’ असे काही नव्हते. वाद्याचा जन्म कोठे झाला यावरून त्याचे नागरिकत्व ठरत नाही. कोणत्या समाजाने त्याच्या उणिवांशी दीर्घकाळ झुंज घेतली, यावरून ते ठरते.

अर्थात या युक्तिवादाला एक बाजू आणखी आहे, आणि ती न मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हाच निकष लावला तर आज ऑर्गनच्या जोडीला आलेल्या विजेच्या की-बोर्ड व ऑक्टोपॅडलाही परके म्हणता येणार नाही. त्यांनी मंडळ्यांचा खर्च व ओझे कमी केले आहे आणि तरुण प्रेक्षक टिकविला आहे. मात्र एक फरक निर्विवाद आहे. विजेच्या पट्ट्यांना भाता नाही, म्हणून वादकाच्या शरीराचा श्वास स्वरात उतरत नाही. जी उणीव झाकण्यातून कला निर्माण झाली ती उणीवच यंत्राने नाहीशी केली, तर वादकाने कशाशी झुंजावे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर झाडीतील वादकच देतील. अभ्यासकाने ते आधी ठरवून टाकू नये.

दुसरा प्रश्न खुद्द रात्रीचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाच्या वापरावर निर्बंध घातले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. त्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, परंतु मधल्या काळात शंकरपटाच्या आधाराने होणाऱ्या नाटकांचा तो आधार गेला होता. २०२० च्या महामारीने रंगमंच ओस पाडले. या नियमांमागील हेतू योग्य असले, तरी ज्या कलेचा आकारच रात्रीच्या मापाने बेतला आहे, तिच्यावर त्यांचा परिणाम इतर कलांहून खोल होतो, हे विचारात घेतले पाहिजे.

७. समारोप

वरील विवेचनाचा आशय थोडक्यात असा. नॉक्टर्न व झाडीपट्टीचे रात्रसंगीत यांच्यात प्रभावाचा संबंध नाही. तथापि दोन्हींची घडण समान प्रश्नातून झाली आहे. यंत्राला गळा कसा द्यावा, हा तो प्रश्न. युरोपाने त्याचे उत्तर एकांतात शोधले आणि ते लिहून, छापून व मुद्रित करून ठेवले. झाडीपट्टीने ते समुदायात शोधले आणि लिहून ठेवले नाही. म्हणून पहिल्याचा इतिहास समृद्ध आहे आणि दुसऱ्याचा अद्याप लिहावयाचा आहे.

तो लिहिण्याची साधने उपलब्ध आहेत, पण ती कागदावर नाहीत; माणसांपाशी आहेत. ज्यांनी चाळीस-पन्नास हंगाम पायपेटी वाजविली असे वृद्ध वादक वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांत आजही भेटतात. त्यांच्या मुलाखती, त्यांच्या हाताचे वादन, त्यांनी वापरलेल्या चाली व त्यांची जुनी वाद्ये यांची नोंद करणे हे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना एका हंगामात आरंभता येण्यासारखे काम आहे. शोपँचा एक पर्यायी अलंकार गुरुमुखाने कोचाल्स्कीपर्यंत आला, आणि त्याने तो मुद्रित केला म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. झाडीतील वादकांच्या हातांत असे किती अलंकार असतील, याची मोजदाद धानकापणीनंतरच्या रात्री तेथे जाऊन बसल्यावाचून होणार नाही.